नॅनोतंत्रज्ञानाचे प्रात्यक्षिक प्रशिक्षण : विज्ञान शिक्षकांसाठी सुरुवातीपासूनचे मार्गदर्शन

पेशी शिकवताना कांद्याचा पापुद्रा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवता येतो, विद्युतधारा शिकवताना दिवा लावून दाखवता येतो. नॅनोतंत्रज्ञान शिकवायला उभा राहिलेल्या शिक्षकाजवळ मात्र दाखवण्यासारखे काहीच नाही असे प्रथमदर्शनी वाटते. या शास्त्राचा मुख्य वावर १ ते १०० नॅनोमीटर या पट्ट्यात आहे आणि दृश्य प्रकाशाची तरंगलांबीच ४०० ते ७०० नॅनोमीटर असते, त्यामुळे शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाची भिंगे कितीही चांगली असली तरी नॅनोकणाचा आकार त्यातून उमटणार नाही. म्हणून बहुतेक ठिकाणी हा विषय चित्रफिती आणि रंगीत चित्रांवर भागवला जातो. प्रात्यक्षिक प्रशिक्षणाची गरज येथेच निर्माण होते, कारण कण दिसत नसला तरी त्याचा परिणाम दिसतो आणि तो मोजताही येतो.

पुढील मार्गदर्शन दोन प्रकारच्या शिक्षकांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिले आहे : प्रशिक्षण वर्गाला पहिल्यांदाच जाणारे, आणि असा वर्ग जवळपास नसल्यामुळे चार-पाच सहकाऱ्यांना घेऊन शाळेच्या प्रयोगशाळेतच सराव करू इच्छिणारे. दोघांसाठीही मी एकच नियम सुचवतो : ज्या प्रयोगाच्या शेवटी वहीत एकक असलेला एक आकडा लिहिला जात नाही, तो प्रयोग अपुरा समजावा. लाल द्रावण, चमकणारा थेंब किंवा पाणी झटकणारे पान पाहून विद्यार्थी खूष होतात, पण तेवढ्यावर थांबल्यास त्यांनी जादूचा खेळ पाहिलेला असतो.

पहिली पायरी : मोजपट्टी मनात बसवणे

प्रशिक्षणाला जाण्यापूर्वी दहाच्या घातांची उजळणी स्वतः करावी. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग, ही व्याख्या सर्वांना पाठ असते, परंतु अब्ज या संख्येची जाणीव फार थोड्यांना असते. त्यासाठी ओळखीच्या वस्तूंची एक उतरंड तयार करावी. साध्या कागदाची जाडी सुमारे ०.१ मिलिमीटर, म्हणजे १ लाख नॅनोमीटर असते. माणसाच्या रक्तातील तांबड्या पेशीचा व्यास ७ ते ८ हजार नॅनोमीटर, डीएनएच्या दुहेरी सर्पिलाची रुंदी सुमारे २ नॅनोमीटर आणि सोन्याच्या एका अणूचा व्यास सुमारे ०.३ नॅनोमीटर असतो. ही उतरंड पाठ करण्यापेक्षा फळ्यावर दहाच्या घातांची रेषा आखून तिच्यावर प्रत्येक वस्तू योग्य जागी स्वतः लावावी. बहुतेकांची पहिली चूक साध्या, समान अंतराच्या मोजपट्टीवर हे बसवू पाहण्यात होते, आणि ती चूक करून पाहणे उपयोगाचेच आहे.

यानंतर कागदाच्या पट्टीचा खेळ करावा. २० सेंटिमीटर लांबीची पट्टी घेऊन ती कात्रीने निम्मी करायची, एक तुकडा बाजूला टाकून उरलेला पुन्हा निम्मा करायचा, असे जमेल तेवढ्या वेळा करायचे. सात-आठ वेळा कापल्यावर तुकडा १ मिलिमीटरच्या आसपास येतो आणि हात थांबतो. १ नॅनोमीटरपर्यंत पोहोचायला एकूण २८ वेळा कापावे लागेल, हे गणित प्रशिक्षणार्थींनी स्वतः करावे. उत्तर शेकडोंमध्ये नसून केवळ २८ आहे, याचे बहुतेकांना आश्चर्य वाटते.

इतिहासावर फार वेळ घालवू नये. भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी पदार्थ अणूंच्या पातळीवर हाताळण्याच्या शक्यतेवर २९ डिसेंबर १९५९ रोजी दिलेले व्याख्यान, नोरिओ तानिगुची यांनी १९७४ मध्ये वापरलेला ‘नॅनो-टेक्नॉलॉजी’ हा शब्द आणि १९८१ मध्ये गेर्ड बिनिश व हाइनरिश रोरर यांनी घडवलेला क्रमवीक्षण टनेलिंग सूक्ष्मदर्शक (बारीक टोक फिरवून पृष्ठभागावरील अणूंचे चित्र मिळवणारे उपकरण), एवढे तीन टप्पे दहा मिनिटांत सांगून होतात. काही प्रशिक्षणांत सकाळचे संपूर्ण सत्र यावरच खर्च होते आणि प्रयोगांना दुपारचा थकलेला वेळ मिळतो. आयोजनात आपले मत विचारले गेले तर हा क्रम उलटा करण्याचा आग्रह धरावा.

दुसरी पायरी : तेलाच्या थराची जाडी मोजणे

एकच प्रयोग करण्याइतका वेळ असेल तर हा करावा, असे माझे मत आहे. यात महागडे काही लागत नाही, धोका कमी आहे, आणि साध्या मोजपट्टीने नॅनोमीटरमधले उत्तर हाती येते.

पार्श्वभूमीही सांगण्यासारखी आहे. बेंजामिन फ्रँकलिन यांनी लंडनजवळच्या क्लॅपम येथील तळ्यात चमचाभर तेल ओतून ते सुमारे अर्धा एकर पाण्यावर पसरलेले पाहिले आणि ते निरीक्षण १७७४ मध्ये प्रसिद्ध केले. चमच्यात ५ घनसेंटिमीटर तेल होते असे धरले आणि अर्धा एकर म्हणजे सुमारे २००० चौरस मीटर घेतले, तर थराची जाडी सुमारे २.५ नॅनोमीटर निघते. फ्रँकलिन यांनी हा भागाकार केला नाही. पुढे आग्नेस पोकेल्स या महिलेने विद्यापीठात न शिकता, घरच्या स्वयंपाकघरात पाण्याच्या पृष्ठभागावरील थरांची मोजमापे केली आणि ती भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांना कळवली. रॅले यांच्या शिफारशीने तिचे पत्र १८९१ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात छापले गेले. प्रयोगशाळा अपुरी असल्याची तक्रार करणाऱ्या शिक्षकांना ही हकीकत मी मुद्दाम सांगतो.

आता कृती. तेल म्हणून येथे ओलेइक आम्ल, म्हणजे वनस्पती तेलांत आढळणारे एक मेदाम्ल, वापरायचे आहे. १ मिलिलिटर ओलेइक आम्लात अल्कोहोल घालून एकूण द्रावण २० मिलिलिटर करावे. त्यातील १ मिलिलिटर द्रावण घेऊन ते पुन्हा अल्कोहोलने २० मिलिलिटर करावे. अशा रीतीने दुसऱ्या द्रावणात आम्लाचे प्रमाण ४०० भागांत १ भाग एवढे होते. मग ड्रॉपरने या द्रावणाचे थेंब मोजनळीत टाकून १ मिलिलिटरला किती थेंब लागतात ते मोजावे. समजा ४० थेंब लागले, तर एका थेंबाचे आकारमान ०.०२५ घनसेंटिमीटर आणि त्यातील ओलेइक आम्लाचे आकारमान ०.००००६२५ घनसेंटिमीटर होते.

किमान ४० सेंटिमीटर रुंदीच्या उथळ ट्रेमध्ये दीड-दोन सेंटिमीटर उंचीपर्यंत पाणी घेऊन ते पूर्ण स्थिर होऊ द्यावे. त्यावर लायकोपोडियम पावडर (एका वनस्पतीच्या बीजाणूंची बारीक पूड), ती नसल्यास टाल्कम पावडर, अगदी विरळ भुरभुरावी. थर जाड झाला तर तेलाला पसरायला अडथळा होतो. पाण्याच्या जवळ ड्रॉपर नेऊन मध्यभागी एकच थेंब सोडावा. पावडर झपाट्याने बाजूला सरते आणि मध्ये स्वच्छ वर्तुळ उघडते. अल्कोहोल पाण्यात मिसळून व उडून जाते आणि आम्लाचा थर तेवढा उरतो. वर्तुळ क्वचितच गोल असते, त्यामुळे तीन-चार दिशांनी व्यास मोजून सरासरी घ्यावी. ती २२ सेंटिमीटर आली असे धरल्यास क्षेत्रफळ सुमारे ३८० चौरस सेंटिमीटर होते आणि आकारमानाला क्षेत्रफळाने भागल्यावर जाडी सुमारे १.६ नॅनोमीटर मिळते. ओलेइक आम्लाचा रेणू लांबीला सुमारे २ नॅनोमीटर असतो, म्हणजे पाण्यावर एका रेणूच्या जाडीचा थर पसरला आहे असे म्हणायला आधार मिळतो. उत्तर थोडे कमी येण्यालाही कारण आहे, कारण या रेणूच्या साखळीत मधोमध दुहेरी बंध असल्याने ती तेथे वाकलेली असते आणि रेणू अगदी ताठ उभे राहतीलच असे नाही.

येथे घाई करू नये. पहिल्यांदा मी हा प्रयोग सहकाऱ्यांसमोर केला तेव्हा थेंब टाकण्याआधीच पावडर ट्रेच्या एका कोपऱ्यात गोळा होऊन बसली, आणि बराच वेळ कोणालाच कारण सापडेना. ट्रे आदल्या दिवशी साबणाने घासला होता आणि नीट खंगाळला नव्हता. साबणाचा अंशही पाण्याचा पृष्ठताण बदलून टाकतो. म्हणून प्रत्येक थेंबानंतर पाणी बदलावे, ट्रे भरपूर पाण्याने धुवावा आणि बोटे पाण्यात बुडवू नयेत. दुसरी दक्षता म्हणजे तुलनेचा थेंब. केवळ अल्कोहोलचा एक थेंब वेगळ्या पाण्यावर टाकून पाहावा. पावडर क्षणभर सरते आणि पुन्हा परत येते. हा थेंब टाकला नाही तर वर्तुळ अल्कोहोलमुळे झाले की आम्लामुळे, या विद्यार्थ्याच्या रास्त प्रश्नाला आपल्याकडे उत्तर नसते. त्रुटींची चर्चाही येथेच करावी, कारण व्यासात १० टक्के चूक झाली की क्षेत्रफळात सुमारे २० टक्के चूक होते.

तिसरी पायरी : पृष्ठफळाचे गणित

१ सेंटिमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर असते. तोच घन १ मिलिमीटर बाजूच्या घनांत कापला तर एकूण पृष्ठफळ ६० चौरस सेंटिमीटर होते, आणि १ नॅनोमीटर बाजूच्या घनांत कापला तर ६००० चौरस मीटर. पदार्थ तेवढाच राहतो, उघडी पडलेली बाजू मात्र एक कोटी पटींनी वाढते. याच्या जोडीला पाण्यात फसफसणारी एक गोळी अखंड आणि दुसरी कुटून, सारख्याच तापमानाच्या व सारख्याच मापाच्या पाण्यात टाकून विरघळण्याचा वेळ सेकंदात मोजावा. भांड्यांना झाकण लावू नये. फळ्यावरचा खडू आणि व्हिनेगर वापरून हा प्रयोग करावा असे अनेकदा सुचवले जाते, परंतु अनेक खडू जिप्समचे असतात आणि ते फसफसतच नाहीत, म्हणून खडू आधी तपासावा. विद्यार्थ्यांना हेही स्पष्ट सांगावे की कुटलेल्या गोळीची पूड नॅनो आकाराची नसते. या प्रयोगातून फक्त दिशा कळते.

चौथी पायरी : प्रकाशाने अंतर मोजणे, आणि प्रकाश हरतो तेव्हा काय होते

जुन्या सीडी आणि डीव्हीडी आता निरुपयोगी म्हणून पडून असतात. त्या फेकून देऊ नयेत. सीडीवरील शेजारशेजारच्या मार्गांमधील अंतर १६०० नॅनोमीटर, डीव्हीडीवर ७४० आणि ब्लू-रे तबकडीवर ३२० नॅनोमीटर असते. पुठ्ठ्याला एक लहान छिद्र पाडून त्यातून लाल लेझर पॉइंटरचा किरण २० सेंटिमीटर अंतरावर पुठ्ठ्याला समांतर धरलेल्या तबकडीवर सरळ पाडावा. परावर्तित ठिपका छिद्रावर परत येतो आणि विवर्तनामुळे दोन्ही बाजूंना आणखी ठिपके दिसतात. तबकडीवरील मार्ग वक्र असल्याने हे ठिपके त्रिज्येच्या दिशेने पडतात, म्हणून किरण तबकडीच्या डाव्या किंवा उजव्या कडेजवळ, केंद्राच्याच उंचीवर पाडावा, म्हणजे ठिपके आडव्या रेषेत मिळतील. तरंगलांबी ६५० नॅनोमीटर असेल तर सीडीचा पहिला ठिपका छिद्रापासून सुमारे ९ सेंटिमीटरवर आणि डीव्हीडीचा सुमारे ३७ सेंटिमीटरवर पडतो. त्यासाठी पुठ्ठा मोठा घ्यावा. ठिपक्याच्या छिद्रापासूनच्या अंतराला तबकडी व पुठ्ठा यांच्यामधील अंतराने भागल्यावर कोनाचा टॅन मिळतो, त्यावरून कोन काढावा आणि तरंगलांबीला त्या कोनाच्या साइनने भागावे, म्हणजे मार्गांमधील अंतर मिळते.

आता ब्लू-रे तबकडी लावावी. बाजूचा ठिपका सापडत नाही. प्रशिक्षणार्थी तबकडी हलवतात, लेझर बदलतात, पुठ्ठा पुढे-मागे करतात, आणि त्यांना थोडा वेळ तसे करू द्यावे. ३२० नॅनोमीटरच्या अंतराला ६५० नॅनोमीटरचा प्रकाश सरळ पडला असता साइनचे मूल्य १ पेक्षा जास्त यावे लागते आणि तसा कोन अस्तित्वातच नाही. तरंगलांबीपेक्षा बारीक रचना साध्या प्रकाशाने का उलगडत नाही, हे यापेक्षा स्वस्तात आणि स्पष्टपणे दाखवणारा प्रयोग मला माहीत नाही. लेझर १ मिलिवॉटपेक्षा कमी शक्तीचा असावा, किरण डोळ्यांच्या उंचीवर नसावा आणि घड्याळ, अंगठी अशा चकाकत्या वस्तू काढून ठेवाव्यात.

पाचवी पायरी : सोन्याचे नॅनोकण तयार करणे

या प्रयोगासाठी प्रशिक्षण केंद्रात जाणे योग्य, निदान पहिल्या वेळी तरी. त्याआधी सुरक्षिततेचा एक मूलभूत नियम समजून घ्यावा : कोरडी नॅनोपूड शिक्षकाने हाताळू नये आणि शाळेत आणू नये. कण द्रवात असेपर्यंत ते हवेत उडून श्वासात जाण्याची शक्यता फार कमी असते. कोरडी पूड उडते. म्हणून ‘मागवून ठेवू, पुढे उपयोग होईल’ या विचाराने पुडीच्या बाटल्या घेऊ नयेत. नायट्राइल हातमोजे, संरक्षक चष्मा आणि सुती ॲप्रन या प्रयोगात अनिवार्य आहेत.

१९५१ मध्ये रसायनशास्त्रज्ञ जॉन टर्केविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासलेली सायट्रेट पद्धत आजही शिकण्यासाठी सर्वांत सोयीची आहे. लागणारा मुख्य पदार्थ म्हणजे क्लोरोऑरिक आम्ल. ते दाहक आहे आणि हवेतील ओलावा शोषून घेते, त्यामुळे थोडे थोडे वजन करत बसणे कठीण जाते. १ ग्रॅमची कुपी एकदम २५० मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवावी, म्हणजे लिटरमध्ये सुमारे १० मिलिमोल इतक्या तीव्रतेचे मूळ द्रावण मिळते. ते गडद रंगाच्या काचेच्या बाटलीत ठेवावे. एका प्रयोगाला त्यातील २ मिलिलिटर पुरते, म्हणजे एका कुपीत सव्वाशे प्रयोग होतात, आणि ‘सोने’ हा शब्द ऐकून घाबरलेल्या मुख्याध्यापकांना हा हिशेब दाखवणे फायद्याचे ठरते. धातूचा चमचा या पदार्थाला लावू नये, कारण धातूवरच सोने उतरू लागते.

२ मिलिलिटर मूळ द्रावण आणि १८ मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाणी शंकूपात्रात घेऊन चुंबकीय ढवळणीसह हॉट प्लेटवर उकळावे. दुसरीकडे १ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट १०० मिलिलिटर पाण्यात ताजे विरघळवून ठेवावे. द्रावण चांगले उकळू लागले की त्यात २ मिलिलिटर सायट्रेट द्रावण एकदम घालावे. फिकट पिवळा रंग नाहीसा होतो, मग द्रावण करडे-निळसर होते, जांभळट छटा घेते आणि सुमारे दहा मिनिटांत माणकासारखा लाल रंग स्थिरावतो. पाणी आटत असल्यास ऊर्ध्वपातित पाणी घालून पातळी राखावी. संशोधन प्रयोगशाळांत काचेची भांडी अम्लराजाने (तीव्र हायड्रोक्लोरिक व नायट्रिक आम्लांच्या मिश्रणाने) धुतात. शाळेत अम्लराज कधीही तयार करू नये. त्याऐवजी या प्रयोगासाठी नवी भांडी वेगळी ठेवावीत आणि ती प्रत्येक वेळी ऊर्ध्वपातित पाण्याने खंगाळावीत. रंग लाल न होता जांभळा राहिला तर दहापैकी नऊ वेळा दोष भांड्याच्या किंवा पाण्याच्या अस्वच्छतेत असतो.

लाल रंग दिसला की टाळ्या वाजतात, छायाचित्रे काढली जातात आणि प्रयोग संपला असे समजले जाते. खरा अभ्यास त्यानंतरचा आहे. या प्रमाणात तयार होणारे कण सुमारे १३ नॅनोमीटर व्यासाचे असतात. एवढ्या कणात सोन्याचे किती अणू मावतील? सोन्याच्या १ घन नॅनोमीटरमध्ये सुमारे ५९ अणू असतात, म्हणून एका कणात सुमारे ६८ हजार. पात्रातील एकूण सोने ४ मिलिग्रॅमपेक्षा किंचित कमी आहे, आणि त्यावरून कणांची संख्या सुमारे १८० लाख कोटी निघते. तेवढ्याच सोन्याची एकच गोळी केली असती तर तिचा व्यास पाऊण मिलिमीटरहून थोडा कमी आणि पृष्ठफळ २ चौरस मिलिमीटरपेक्षा कमी भरले असते. कणांचे एकत्रित पृष्ठफळ मात्र ९०० चौरस सेंटिमीटरच्या वर जाते. तिसऱ्या पायरीतले घनाचे गणित येथे खऱ्या पदार्थावर लागू होते.

यानंतर तीन परीक्षानळ्यांत दोन-दोन मिलिलिटर लाल द्रावण घ्यावे. पहिलीत मिठाच्या संपृक्ततेकडे झुकणाऱ्या द्रावणाचे काही थेंब, दुसरीत साखरेच्या पाण्याचे तेवढेच थेंब आणि तिसरीत केवळ पाण्याचे थेंब घालावेत. मीठ घातलेली नळी निळसर-जांभळी होते, उरलेल्या दोन्ही लालच राहतात. कणांभोवती सायट्रेटचा ऋणभारित थर असतो आणि त्यामुळे ते एकमेकांना दूर ठेवतात. मिठातील आयन हा भार झाकतात, कण जवळ येऊन गुंततात आणि शोषला जाणारा प्रकाश हिरव्याकडून तांबड्याकडे सरकतो. सुट्या कणांचे शोषण सुमारे ५२० नॅनोमीटरला सर्वाधिक असते. केंद्रात स्पेक्ट्रोफोटोमीटर (कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला जातो ते मोजणारे उपकरण) असेल तर मीठ घालण्यापूर्वीचा आणि नंतरचा आलेख आवर्जून काढून घ्यावा, कारण तो आलेख पुढे वर्गात अनेक वर्षे वापरता येतो. नसेल तर लेझरचा किरण नळीतून सोडून टिंडल परिणाम, म्हणजे कणांनी प्रकाश विखुरल्यामुळे दिसणारी किरणाची वाट, पाहावा. तुलनेसाठी शुद्ध पाण्याची नळी शेजारी असली पाहिजे.

केंद्रात चांदीच्या कणांचा प्रयोगही अनेकदा ठेवतात. त्यात सोडियम बोरोहायड्राइड लागते, ते पाण्याच्या संपर्कात हायड्रोजन वायू सोडते, आणि सिल्व्हर नायट्रेटचे डाग त्वचेवर राहतात. तो तेथेच पाहावा. शाळेत नेण्यासाठी सोन्याचा प्रयोग पुरेसा आहे.

सहावी पायरी : उपकरणांची ओळख

टनेलिंग सूक्ष्मदर्शकात अणकुचीदार टोक आणि नमुना यांच्यामधील अंतर ०.१ नॅनोमीटरने वाढले तरी त्या दोहोंमध्ये वाहणारा विद्युतप्रवाह सुमारे दहा पटींनी घटतो, आणि याच संवेदनशीलतेवर सर्व यंत्रणा उभी आहे. त्याला विद्युतवाहक नमुना लागतो. १९८६ मध्ये आलेल्या अणुबल सूक्ष्मदर्शकाला तशी अट नाही, कारण तो बारीक पट्टीच्या वाकण्यावरून पृष्ठभाग चाचपतो. हे ‘चाचपणे’ शिकवण्यासाठी बुटांचे खोके पुरते. खोक्याच्या तळाशी निरनिराळ्या उंचीच्या वस्तू चिकटवाव्यात, झाकणावर १ सेंटिमीटर अंतराने छिद्रांची जाळी पाडावी आणि विणकामाच्या सुईवर मिलिमीटरच्या खुणा करून प्रत्येक छिद्रातून खोली मोजावी. आकडे स्प्रेडशीटमध्ये भरून उंचीनुसार रंग दिले की न उघडलेल्या खोक्याचा नकाशा तयार होतो. मग सुईऐवजी जाड पेन्सिल वापरून तेच पुन्हा करावे. अरुंद खाचा नाहीशा होतात, उंचवटे रुंद दिसू लागतात. टोक जेवढे जाड तेवढे चित्र बोथट, ही खऱ्या उपकरणाचीही मर्यादा आहे.

खरे उपकरण पाहायला मिळाले तर पडद्यावरच्या चित्राने भारावून न जाता तीन गोष्टी विचाराव्यात : चित्रातील मापरेषा किती नॅनोमीटरची आहे, रंग कोणी व कशावरून दिले आहेत, आणि नमुना तयार करताना त्याच्यात काय बदल झाला असू शकतो. स्वतः केलेले सोन्याचे द्रावण नमुना म्हणून सोबत नेण्याची परवानगी आधी घ्यावी. गतिक प्रकाश प्रकीर्णन पद्धतीने (द्रवात हलणाऱ्या कणांनी विखुरलेल्या प्रकाशावरून) मिळालेला व्यास इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या व्यासापेक्षा थोडा जास्त येईल, कारण पहिल्या पद्धतीत कणाबरोबर फिरणारा द्रवाचा थरही मोजला जातो. दोन आकडे जुळत नाहीत म्हणून ते वहीतून खोडणारे शिक्षक मी पाहिले आहेत. तो फरकच शिकवण्यासारखा आहे.

सातवी पायरी : वर्गात नेणे

प्रशिक्षणातले तीन तासांचे प्रात्यक्षिक चाळीस मिनिटांच्या तासिकेत बसत नाही, हे गृहीत धरूनच परतावे. परत आल्यावर पहिल्या आठवड्यातच, हात आणि स्मरण ताजे असताना, प्रत्येक प्रयोग शाळेच्या भांड्यांनी आणि शाळेच्या पाण्याने एकदा करून पाहावा. तेलाचा थर आणि तबकडीचा प्रयोग विद्यार्थ्यांच्या गटांकडून करून घ्यावा. पाचवी-सहावीच्या मुलांसाठी कागदाची पट्टी आणि खोक्याचा नकाशा योग्य आहेत. सोन्याचा प्रयोग शिक्षकाने स्वतः करावा आणि मिठाची चाचणी विद्यार्थ्यांना द्यावी, कारण तीत उष्णता नाही आणि निर्णय घ्यायला वाव आहे. रसायने मिळत नसल्यास कमळाच्या पानावरील पाण्याच्या थेंबाचे बाजूने मोबाइलवर छायाचित्र घेऊन स्पर्शकोन, म्हणजे थेंबाची कड पानाशी थेंबाच्या आतल्या बाजूने करते तो कोन, मोजावा. तो १५० अंशांच्या पुढे गेला तर पृष्ठभाग अतिजलविरोधी म्हणतात. पानावरील उंचवटे मायक्रोमीटरचे आणि त्यांच्यावरील मेणाची रचना नॅनोमीटरची असते, हे येथे सांगावे.

प्रश्नांची तयारी ठेवावी. पेन्सिलीच्या शिशावर चिकटपट्टी लावून ‘आम्ही ग्राफीन बनवले’ असे विद्यार्थी उत्साहाने सांगतात. ग्राफीन म्हणजे ग्राफाइटचा एकाच अणूच्या जाडीचा थर. आंद्रे गाइम आणि कॉन्स्टँटिन नोव्होसेलोव यांनी २००४ मध्ये चिकटपट्टीनेच ग्राफीन वेगळे केले हे खरे आहे, पण ग्राफाइटच्या थरांमधील अंतर ०.३३५ नॅनोमीटर असल्याने १ मिलिमीटरमध्ये सुमारे ३० लाख थर असतात, आणि एकच थर उरला आहे हे ओळखण्यासाठी त्यांना विशिष्ट जाडीचा ऑक्साइड थर असलेली सिलिकॉनची चकती लागली होती. वर्गातल्या पट्टीवर पातळ ग्राफाइट आहे, एवढेच म्हणावे. ‘नॅनोकण धोकादायक असतात का?’ या प्रश्नाला होय किंवा नाही असे उत्तर देऊ नये. कण कोणत्या पदार्थाचे, कोणत्या आकाराचे, कोरडे की द्रवातले आणि शरीरात कोणत्या वाटेने जाणारे, हे विचारल्याशिवाय उत्तर देता येत नाही.

प्रयोगानंतर सोन्याचे आणि मीठ घातलेले द्रावण बेसिनमध्ये ओतू नये. ‘सोन्याचा कचरा’ अशी चिठ्ठी लावलेली एक वेगळी बाटली ठेवून ते तिच्यात साठवावे आणि भरल्यावर प्रशिक्षण केंद्राकडे किंवा जवळच्या महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागाकडे द्यावे. उरलेले चांगले लाल द्रावण गडद काचेच्या स्वच्छ बाटलीत, तारीख लिहून, थंड व अंधाऱ्या जागी ठेवता येते, पण ते गोठू देऊ नये, कारण गोठल्यावर कण एकत्र येतात आणि पुन्हा सुटे होत नाहीत. पुढच्या तासिकेच्या आदल्या दिवशी बाटली उजेडासमोर धरून पाहावी. रंग जांभळट झाला असेल किंवा तळाशी काळसर साका बसला असेल, तर ते द्रावणही कचऱ्याच्या बाटलीत ओतून नवीन पात्र उकळायला ठेवावे.